‘घरी न्या, सेवा करा’ : पण कशाच्या बळावर?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. पनवेल तालुक्यात बोलायला उभे राहायचे आणि जमिनीच्या मोबदल्यावर, पाण्यावर किंवा तळोज्याच्या कंत्राटी कामगारांवर न बोलता मरणाच्या दारी असलेल्या रोग्याच्या शुश्रूषेवर बोलायचे, हे कार्यकर्त्यांच्या सभेला शोभते काय, असा प्रश्नही कोणाच्या मनात आला असेल. मरण ही ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट. तिथे नातेवाइकाने जावे, शेजाऱ्याने जावे, भटजीने किंवा मौलवीने जावे. राजकारणाचे तिथे काय काम, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहावी, एवढ्यासाठीच मी हा विषय घेतला आहे.

आपल्या सर्वांच्या ओळखीचे एक वाक्य आहे. कर्करोगाचा रोगी महिनोन्‌महिने इस्पितळाच्या फेऱ्या घालतो. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, सलाइनमधून औषधे चढविली जातात. आणि मग एके दिवशी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ हे वाक्य क्रूर नाही. पुष्कळदा ते प्रामाणिक असते, आणि रोग्याला विनाकारण खाटेवर खिळवून बिल वाढविण्यापेक्षा तर ते शतपटीने बरे. पण त्या चार शब्दांत एक मोठी घटना घडते, तिकडे आपले लक्ष जात नाही. त्या क्षणी वैद्यकशास्त्राची जबाबदारी संपते, शासनाची संपते, विमायोजनेची संपते. आणि ती सगळीच्या सगळी एका कुटुंबावर, खरे सांगायचे तर त्या कुटुंबातल्या एका बाईवर, येऊन पडते.

‘सेवा’ हा आपल्या भाषेतला थोर शब्द आहे. पण तो जितका थोर, तितकाच तो मोघम आहे. सेवा करायची म्हणजे नेमके काय करायचे? तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्याचा गाल फुटला आहे, जखमेला दुर्गंधी आहे, तिच्यात अळ्या झाल्या आहेत. त्या सुनेने काय करायचे? रोग मणक्यात उतरला आहे, माणूस रात्रभर ओरडतो आहे. त्या मुलाने कोणती गोळी कोठून आणायची? तंबाखू, मिश्री आणि गुटखा ह्यांनी आपल्या राज्यात तोंडाचे किती कर्करोग निर्माण केले हे आपण जाणता. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तो अजून कुठे मिळतो तेही आपण जाणता. ह्या रोग्यांपैकी कितीतरी जण इस्पितळात येतात तेच मुळी रोग पुढे गेल्यावर. त्यांच्या वाट्याला उपचार थोडे आणि ‘सेवा’च अधिक येते.

ह्या प्रश्नांना उत्तरे नाहीत असे मात्र नाही. ती आहेत, आणि त्यांतली बहुतेक स्वस्त आहेत. जखमेची दुर्गंधी मेट्रोनिडॅझोल ह्या नेहमीच्या गोळीची पूड नीट धुतलेल्या जखमेवर टाकल्याने पुष्कळ कमी होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली, त्वचा कोरडी ठेवली, तर पाठीला होणारे व्रण बऱ्याच अंशी टळतात. तोंड वरचेवर पुसून ओले ठेवले तर शेवटच्या दिवसांतली कोरड सुसह्य होते. आणि तीव्र वेदनेवर मॉर्फिन नावाचे औषध आहे. ते तोंडाने घेता येते आणि त्याची साधी गोळी महाग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी एक सोपी पायऱ्यांची पद्धत घालून दिली: साध्या वेदनाशामकापासून सुरुवात करायची, ते पुरेनासे झाले की वरच्या पायरीवर जायचे, शक्यतो तोंडाने द्यायचे आणि वेदना उठण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर द्यायचे. ह्या पद्धतीने बहुसंख्य रोग्यांची वेदना आटोक्यात येते. म्हणजे आपल्या वाड्यावस्त्यांवर आज जी माणसे कण्हत मरतात, त्यांतली बहुतेक अज्ञानामुळे आणि अव्यवस्थेमुळे कण्हत मरतात. जी वेदना टाळता येते आणि तरीही भोगावी लागते, तिला प्रारब्ध म्हणता येत नाही. तो अन्याय होय. आणि अन्याय म्हटला की तो आपला विषय झाला.

हे ज्ञान आले कोठून, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स नावाची एक बाई होऊन गेली. ती प्रथम परिचारिका होती, पुढे इस्पितळात समाजसेविका झाली. मरणाऱ्या रोग्यांकडे डॉक्टर पाठ फिरवतात हे पाहून ती अखेर वयाच्या चाळिशीच्या सुमारास स्वतःच डॉक्टर झाली. १९४८ साली तिच्या देखभालीत एक पोलिश ज्यू निर्वासित होता. हॉटेलात वाढप्याचे काम करणारा, त्या शहरात जवळचे कोणी नसलेला. मरताना त्याने आपली पाचशे पौंडांची शिल्लक तिच्या हाती ठेवली. त्या ठेवीतून सुचलेल्या कल्पनेला मूर्त रूप यायला एकोणीस वर्षे लागली, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले. आधुनिक हॉस्पिस-चळवळीचा आरंभ एका परागंदा कष्टकऱ्याच्या पैशातून झाला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

साँडर्सबाईंनी एक विचार दिला, तो असा की मरणाऱ्या माणसाची वेदना एकेरी नसते. शरीर दुखते, त्याबरोबर मनात भीती असते, मुलीचे लग्न राहिले, कर्ज फिटले नाही, घरात मिळवता कोणी नाही, ही सामाजिक वेदना असते, आणि आपण कशासाठी जगलो हा अखेरचा प्रश्नही असतो. ह्या चारी वेदनांवर एकत्र इलाज केला तरच माणूस शांत होतो. कर्जाची चिंता छातीवर असलेल्या शेतकऱ्याची वेदना नुसत्या गोळीने शमत नाही, हे समाजवाद्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. नवल एवढेच की ते वैद्यकाला समजले.

आपल्या देशात हे काम प्रथम महाराष्ट्रातच सुरू झाले. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला समुद्रकाठी शांती अवेदना सदन ही भारतातली पहिली हॉस्पिस संस्था निघाली. कर्करोगतज्ज्ञ शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा हे तिचे संस्थापक. बरे होण्याची आशा संपलेल्या कर्करुग्णांना तिथे धर्म, जात न विचारता विनामूल्य ठेवून घेतले जाते. पुढे १९९७ साली पुण्याला वारज्यात सिप्ला कंपनीच्या विश्वस्त निधीतून असेच पन्नास खाटांचे विनामूल्य केंद्र उभे राहिले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तर उपशामक उपचारांचा स्वतंत्र विभागच आहे. ‘उपशामक’ हा शब्द जड वाटेल. त्याचा अर्थ एवढाच की रोग हटत नसला तरी रोग्याचा त्रास हटविणे, आणि रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबालाही हाताशी धरणे. हे उपचार शेवटच्या आठवड्याचीच वाट पाहत नाहीत. मूळ उपचार चालू असतानाही ते सोबत देता येतात, द्यायला हवेत. हॉस्पिस हा त्यांतला अखेरचा टप्पा.

ह्या संस्थांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. तरीही वांद्र्याच्या आणि वारज्याच्या खाटा मोजा, आणि कोकण रेल्वेने पनवेलला उतरून परळची वाट धरणारे रोगी मोजा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा घेतलेली कुटुंबे आठवा. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून तपासणीच्या तारखेची वाट पाहणारी माणसे आठवा. खाटांच्या हिशेबाने हा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. आणि तो तसा सोडविण्याची गरजही नाही, कारण बहुतेक माणसांना शेवटचे दिवस स्वतःच्या घरातच काढायचे असतात. ‘घरी न्या’ हा सल्ला चुकीचा नाहीच. चूक आहे ती घरी नेल्यावर मागे कोणी न येण्यात.

आता औषधाकडे वळू. मॉर्फिन अफूपासून तयार होते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश ह्या राज्यांत शासनाच्या परवान्याने कायदेशीर अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. एकोणिसाव्या शतकात हीच माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि तिच्यावर ह्या शहरातल्या कित्येक पेढ्या गबर झाल्या. जगाच्या औषधासाठी अफू पिकविणाऱ्या ह्या देशातल्या रोग्याला मात्र मॉर्फिन मिळत नाही! १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. व्यसनाला आळा घालण्याचा हेतू योग्यच होता. परंतु परवान्यांच्या जंजाळापायी आणि शिक्षेच्या धास्तीपायी औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशातला त्याचा वैद्यकीय वापर बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोंवर आला. कोट्यवधींच्या देशात अठरा किलो!

२०१४ साली संसदेने ह्या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि पूर्वी चार-पाच खात्यांकडून घ्यावे लागणारे परवाने जाऊन राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. म्हणजे कायद्याचे कुलूप निघाले. पण दार उघडायला कोणी पुढे झाले नाही. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली जगाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात ह्या औषधांच्या गरजेपैकी जेमतेम चार टक्के गरज भागत असल्याचे दिसून आले. जगात दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या सुमारे तीनशे टन मॉर्फिनसमान औषधांपैकी अगदी गरीब देशांच्या वाट्याला शंभर किलोच्या आसपास येतात. धान्याची, तेलाची, जमिनीची विषम वाटणी आपण नेहमी मांडतो. वेदनाशमनाची ही वाटणी त्या सर्वांहून विषम आहे.

डॉक्टरांची आणि नातेवाइकांची एक भीती असते, की मॉर्फिनने व्यसन लागते, आणि माणूस लवकर जातो. जाणकाराने योग्य मात्रेत, वेदनेच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनने असे व्यसन क्वचितच लागते, आणि त्याने मरण जवळ येत नाही, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत सारक द्यावे लागते. सुरुवातीला मळमळ होते, तिलाही औषध आहे. एवढी माहिती प्रत्येक डॉक्टरला असली पाहिजे. ती नसेल तर दोष त्याच्या शिक्षणक्रमाचा आहे. हे उपचार आपल्या वैद्यकीय शिक्षणाने फार उशिरा आणि फार थोडे शिकविले.

मित्रहो, आपल्या तालुक्याकडे पाहा. खारघरला टाटा केंद्राची अॅक्ट्रेक ही कर्करोग-संशोधनाची देशातली अग्रगण्य संस्था आहे. प्रोटॉन किरणांनी उपचार करणारे अत्याधुनिक केंद्र तिथे २०२३ साली राष्ट्राला अर्पण झाले. सार्वजनिक क्षेत्रात हे यंत्र आले, ह्याचा मला आनंद आहे. श्रीमंतांच्या खाजगी इस्पितळापुरते ते राहिले नाही. २०२५ साली इथल्या भूमिपुत्रांच्या जमिनीवर विमानतळही सुरू झाला. हे सारे एका तालुक्यात, काही मैलांच्या परिघात आहे. आणि त्याच परिघात, डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या कातकरी वाडीवर घरी नेलेल्या रोग्यापाशी एक परिचारिका आठवड्यातून एकदा मॉर्फिनच्या गोळ्या आणि मलमपट्टी घेऊन पोचेल, एवढी व्यवस्था मात्र आपण उभी करू शकलेलो नाही. यंत्राला पैसा मिळतो, कारण यंत्राचे उद्‌घाटन करता येते. परिचारिकेच्या पायपिटीचे उद्‌घाटन कोण करणार?

तेव्हा त्या घरात काय होते, ते पाहू. मिळवता माणूस आजारी असेल तर उत्पन्न थांबलेलेच असते. शुश्रूषेसाठी दुसरा माणूस मजुरी सोडून घरी बसतो. हा दुसरा माणूस जवळजवळ नेहमी बाई असते. मुलीची शाळा सुटते. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटल्यावरही आशा सुटत नाही. कोणी काढा सांगतो, कोणी अंगारा, कोणी ‘एकदा मोठ्या इस्पितळात दाखवा’ म्हणतो. दागिने जातात, गुंठे जातात, आणि माणूस गेल्यावर कर्ज राहते. महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ह्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यांत आपला रायगड होता, तिने शस्त्रक्रिया आणि किमोथेरपीचा भार पुष्कळ हलका केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती योजना इस्पितळातल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. अंगणात अंथरूण टाकून चाललेली शुश्रूषा तिच्या तक्त्यात बसत नाही. त्या बाईचे श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. आपण ज्याला ‘सेवा’ म्हणून गौरवितो, ते फुकट घेतलेले श्रम आहेत. आणि ज्या समाजाने ते फुकट घेतले, त्याने निदान त्या बाईला शिकवावे, औषध द्यावे, आठवड्यातून एक दिवस विसावा द्यावा, ही मागणी फार मोठी नाही.

हे अशक्य आहे काय? ह्याचे उत्तर पनवेल तालुक्यातल्या नेरे गावी आहे. तिथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. तो काळ आठवा. कुष्ठरोग म्हणजे गतजन्मीचे पाप, रोगी गावाबाहेर, आणि त्याची काळजी कोण्या संताने किंवा मिशनऱ्याने घ्यायची, अशी सर्वांची धारणा होती. शांतिवनासारख्या संस्थांनी, तिकडे वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी उभारलेल्या आनंदवनाने, समाजाची लाज झाकली. पण प्रश्नाचे रूप पालटले ते १९८० नंतर, जेव्हा बहुविध औषधोपचार आला आणि १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली पगारी कार्यकर्ते औषध घेऊन घरोघरी जाऊ लागले. आश्रमांनी माणुसकी जिवंत ठेवली. पण रोग्याच्या घरापर्यंत औषध पोचविले ते सार्वजनिक यंत्रणेने. दोन्ही लागतात. हॉस्पिसच्या बाबतीत आपण अजून पहिल्या टप्प्यावर आहोत: काही थोर माणसांच्या पुण्याईवर चाललेल्या थोड्या संस्था. दुसरा टप्पा गाठायचा आहे.

तो टप्पा केरळने गाठला. १९९३ साली कोझिकोडेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार ह्यांच्या पुढाकाराने एक लहानसा वेदना-उपचार विभाग सुरू झाला. पुढे त्यांच्या लक्षात आले की रोगी दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाही. दवाखान्याने रोग्याकडे गेले पाहिजे. मग मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांची मंडळे उभी राहिली. विद्यार्थी, रिक्षाचालक, शिक्षक, गृहिणी ह्यांना थोडे प्रशिक्षण दिले गेले. कोणी रोग्याचे अंग पुसतो, कोणी घरात तांदूळ आहे की नाही पाहतो, कोणी मुलांच्या फीची सोय लावतो. आणि परिचारिका व डॉक्टर वेळापत्रकाने येतात. दुकानातल्या डब्यात पडणाऱ्या सुट्ट्या नाण्यांवर ही मंडळे चालली. २००८ साली केरळ शासनाने त्यावर अधिकृत धोरण केले, आणि ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून गृहभेटीची परिचारिका नेमावी अशी व्यवस्था झाली. आज तिथल्या बहुतेक सर्व स्थानिक संस्थांत ही सेवा आहे. सत्तेवर कोणतीही आघाडी येवो, ती बंद झालेली नाही. लोकांनी एकदा अनुभवलेली गोष्ट कोणत्याही सरकारला सहजासहजी काढून घेता येत नाही.

महाराष्ट्रानेही २०१२ साली उपशामक उपचारांचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हा विषय आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांच्या सेवांच्या यादीतही वृद्धांची व मरणासन्न रोग्यांची शुश्रूषा लिहिलेली आहे. कागदाची उणीव नाही. उणीव आहे ती हा कागद घेऊन तहसील, पंचायत समिती आणि महापालिका ह्यांच्या दारात उभे राहणाऱ्यांची. शाळा, धरण, रेशन ह्यांवर मोर्चे निघाले म्हणून ते विषय जिवंत राहिले. मरणाऱ्या माणसाचा मोर्चा निघू शकत नाही, आणि त्याचे नातेवाईक त्या दिवसांत घराबाहेर पडू शकत नाहीत. ज्यांना स्वतःची संघटना करता येत नाही अशांची बाजू दुसऱ्यांनीच घ्यावी लागते.

इथे एक गैरसमज दूर करतो. हॉस्पिस म्हणजे दयामरण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कात धरला. केवळ यंत्रांच्या आधारे लांबविले जाणारे जीवन आपल्याला नको, असे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ साली त्या इच्छापत्राची पद्धत सोपी केली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु हक्क वापरायचा तर निवड खरी असावी लागते. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारून देह ठेवला. त्यावर त्या वेळी वाद झाला, आजही होऊ शकेल. पण तो एका मुक्त माणसाचा निर्णय होता, त्याच्याभोवती शुश्रूषा करणारे आश्रमवासी होते. ज्या मजुराला वेदनाशामक मिळत नाही, आणि आपल्यापायी घर विकले जाते आहे हे दिसते, तो जेव्हा ‘आता मला सोडवा’ म्हणतो, तेव्हा तो निवड करीत नसतो. त्याला वेदना आणि दारिद्र्य बोलायला लावतात. आधी त्याची वेदना शमवा, त्याच्या घरचा भार हलका करा, आणि मग त्याला विचारा.

सार्वजनिक व्यवस्थेला अशी शुश्रूषा जमत नाही, ती फक्त मिशनला किंवा महागड्या इस्पितळाला जमते, असे कोणी म्हणेल. त्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे पाहावे. परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली एका अमानुष हल्ल्याची बळी ठरल्या, आणि मे २०१५ मध्ये त्यांचा अंत झाला. मधली एक्केचाळीस वर्षे त्याच महापालिका रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, त्यांची कूस बदलली. त्यांच्या दयामरणाची याचिका न्यायालयापुढे आली, तेव्हा ह्या परिचारिकांनीच तिला विरोध केला. त्या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो. शासकीय पगारावर काम करणारी माणसे इतकी अखंड शुश्रूषा करू शकतात, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आणखी एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो आपल्यातल्याच विचारी मित्रांचा आहे. जिथे जगू शकणाऱ्या बाळंतिणीला रक्त मिळत नाही, जिथे सर्पदंशाची लस संपलेली असते, तिथे न वाचणाऱ्या माणसावर खर्च का करावा? माझे उत्तर असे. एक तर हा खर्च थोडा आहे. एका अतिदक्षता विभागातल्या काही खाटांच्या खर्चात एक तालुका सांभाळता येईल. दुसरे, ह्या सेवेने निष्फळ उपचारांवर उधळला जाणारा गरिबांचा पैसा वाचतो. योग्य वेळी खरे सांगणारा आणि नंतर साथ न सोडणारा कोणी असला की जमीन विकून केलेली अखेरची धावपळ टळते. तिसरे आणि मुख्य उत्तर हिशेबाच्या पलीकडचे आहे. माणूस उपयोगी आहे तोवरच त्याची काळजी घ्यायची, हा न्याय कारखानदाराचा आहे. जो आता काही उत्पादन करणार नाही, मत देणार नाही, परतफेड करणार नाही, त्याच्याशी समाज कसा वागतो, ह्यावर त्या समाजातली समता खरी की बोलण्यापुरती ते ठरते.

तेव्हा पनवेलपुरते काय करता येईल? पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी. २०१६ पासून ती महानगरपालिका आहे. तिच्या अर्थसंकल्पात गृहशुश्रूषेचे एक शीर्षक असावे, आणि त्यातून प्रभागांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पथके नेमावीत, ही पहिली मागणी. उपजिल्हा रुग्णालयाने मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घ्यावी, तिथे एका तरी डॉक्टरला ह्या उपचारांचे प्रशिक्षण मिळावे, आणि औषधाचा साठा खंडित होऊ नये, ही दुसरी. खारघरच्या संस्थेचे ज्ञान तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत शिबिरांच्या रूपाने यावे, ही तिसरी. हे काम ‘आशां’वर लादायचे असेल तर त्यांना मानधनाच्या तुकड्यांऐवजी रीतसर वेतन द्यावे, ही चौथी, एका शोषित बाईचे ओझे दुसऱ्या शोषित बाईच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे सुधारणा नव्हे.

आणि पाचवी गोष्ट मागायची नाही, करायची आहे. ह्याच तालुक्यात तारा येथे समाजवाद्यांनी काम उभे केले. १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने महामार्गावरच्या त्या गावी रुग्णसेवा, शिक्षण आणि ग्रामोद्योग ह्यांची सांगड घातली, आणि डॉ. जी. जी. पारीख ह्यांनी २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाची शंभरी गाठत जगाचा निरोप घेईपर्यंत तिला आयुष्य दिले. ते स्वतः डॉक्टर होते, स्वातंत्र्यसैनिक होते, आणि सत्तेत नसतानाही माणसांसाठी काही उभे करता येते हे त्यांनी दाखविले. ह्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांना आठवड्याचे दोन तास काढणे जड नाही. आपल्या वॉर्डात, आपल्या गावात ‘घरी न्या’ म्हणून परत पाठविलेले रोगी कोण आहेत, ह्याची नोंद करा. त्यांच्या घरी जा. भाषण करू नका, उपदेश करू नका, आणि ‘काही होणार नाही’ असे खोटेही सांगू नका. रोग्याला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे, ते त्याच्याकडूनच ऐका. सत्य पेलण्याची ताकद आपण समजतो त्याहून अधिक लोकांत असते. शुश्रूषा करणाऱ्या बाईला दोन तास झोपू द्या. आणि माणूस गेल्यावर तेराव्यानंतर घर ओस पडते, तेव्हा पुन्हा एकदा त्या घराची पायरी चढा.

मरण टाळण्याचे आश्वासन कोणतीही राज्यव्यवस्था देऊ शकत नाही. पण कोणीही कण्हत, कुजत, एकाकी मरणार नाही, आणि त्याच्या मरणाची किंमत त्याच्या मुलांच्या शाळेने चुकवावी लागणार नाही, एवढे आश्वासन देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. डॉक्टर पुढेही ‘घरी न्या, सेवा करा’ असेच म्हणणार आहेत. त्यांनी ते म्हणताच त्या घराचा पत्ता परिचारिकेच्या वहीत लिहिला गेला पाहिजे. ती वही पनवेलमध्ये उघडली जाईपर्यंत आपण स्वस्थ बसू नये, एवढीच माझी विनंती आहे.